फाइली स्वीकारताना : मर्यादा आणि प्रवेश

फाइली स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर आकाराची मर्यादा एकाच ठिकाणी नसते. बाहेरच्या दारावरील एनजिनएक्स, मुळातली नोंद न बदलल्यास, १ एमबीपर्यंतचीच विनंती आत घेतो. मोठी आल्यास ४१३ हा संकेतांक देऊन परतवितो. त्यामागे पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलीस २ एमबी व संपूर्ण विनंतीस ८ एमबी. समजा, १० एमबीचे प्रबंध घ्यावयाचे आहेत. पीएचपीतील दोन्ही आकडे वाढविले, पण एनजिनएक्सचा तसाच राहिला, तर शेवटच्या दिवशी विद्यार्थ्याचा प्रबंध दारातूनच परततो. सर्वांत लहान मर्यादा हीच खरी मर्यादा.

मात्र आकार आवरला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. लहानशी फाइलही घातक प्रोग्रॅम असू शकते. म्हणून ओळख पटवूनच प्रवेश द्यावा आणि आलेल्या फाइली संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरबाहेर ठेवाव्यात.