नोंद नसते म्हणाले!

चौतीस वर्षे ज्या मनुष्याने तहसील कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळली आणि पोच घेतल्यावाचून एकही कागद टेबलावरून हलू दिला नाही, त्याला एका तंत्रज्ञाने तोंडावर ‘काका, किरणांची वगैरे नोंद नसते’ असे सांगावे, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घरची वाट धरावी, ह्याची चीड अद्याप ओसरलेली नाही.

ट्रेडमिलचा निकाल संदिग्ध आल्यामुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी काढावयास सांगितले, त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या सकाळची. मला निजविले तेव्हा पडद्यावर नाडीचा आकडा ८८ होता. (दोन कप चहा झाला होता हे कबूल, पण चहा घेऊ नका, असे बजावले होते कोणी?) नाडी उतरविण्याची गोळी नाही, घटकाभर विसावा नाही, ‘श्वास रोखा’ असा ध्वनिमुद्रित हुकूम सुटला, शिरेतून दिलेल्या औषधाची ऊब अंगभर पसरली, आणि काही वेळाने कळले की चित्र हलले, सबब सारा प्रकार नव्याने करावा लागेल. सदऱ्याची बटणे लावता लावता मी विचारले, ‘किरण किती लागले?’ त्यावरचे उत्तर वर दिलेच आहे. शेजारून जाणारे डॉक्टर जे हसले, ते मात्र शब्दांत देता येत नाही.

चार दिवसांनी भाची आली. ती स्वतः क्ष-किरण विभागात नोकरीस आहे. त्या मंडळींनीच दिलेली सीडी तिने संगणकात घातली, आणि म्हणाली, ‘मामा, नोंद नाही कशी? ही बघा, शेवटच्या पानावर.’ दोन ओळी होत्या : ९८० आणि ९६०, मिलिग्रे-सेंटीमीटर. यंत्राने आपली बारनिशी चोख लिहिली होती; लपविली ती माणसांनी, किंवा, त्याहून वाईट म्हणजे, त्यांनी ती कधी उघडूनच पाहिली नव्हती.

ह्या आकड्यांच्या बेरजेला ०.०१४ ने गुणावे, म्हणजे ढोबळ मानाने मिलिसिव्हर्ट निघतात. माझे सुमारे २७ भरले. निसर्गतः मनुष्यास वर्षाकाठी जगाच्या सरासरीने २.४ मिळतात, म्हणजे अकरा वर्षांचा ऐवज एका सकाळीच पदरी पडला. किरणांत काम करणाऱ्या नोकरवर्गासाठी नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० ची मर्यादा घातली आहे. रुग्णाला मर्यादा नाही, कारण हानीहून लाभ अधिक असेल तरच तपासणी होईल, असे गृहीत आहे. सदुसष्टाव्या वर्षी ह्यापासून मला धोका अल्पच, हे भाचीनेही सांगितले. परंतु माझ्या जागी पस्तिशीची स्त्री असती, तर स्तनही त्याच किरणांच्या वाटेत येतात. आणि २०१७ साली ३२ देशांतील ६१ रुग्णालयांच्या पाहणीत ह्याच तपासणीचा मिलिग्रे-सेंटीमीटरचा आकडा, मध्यक धरता, १९५ आला होता, हे वाचल्यावर माझा पारा पुन्हा चढला.

हा फरक पडतो कशाने? झोपाळ्यावरच्या मुलाचे छायाचित्र तो टोकाला क्षणभर थबकतो तेव्हा काढावे, तसे हृदय दोन ठोक्यांमध्ये विसावते तेवढ्याच क्षणी किरण सोडता येतात. नाडी साठ-पासष्टांच्या आत असली तर हे साधते. ती धावत असली म्हणजे पुष्कळदा किरण अखंड चालू ठेवतात आणि उपयोगी चित्रे मागाहून निवडतात. म्हणून तपासणीपूर्वी आपली नाडी किती, ती कमी करणार काय आणि किरण ठोक्याबरहुकूम तुटक सोडणार काय, हे विचारावे; दमा असल्यास गोळी घेण्याआधीच सांगावे. बांधा कृश असेल तर १२० ऐवजी १०० किलोव्होल्टवर भागते का, हेही विचारावे; विचारल्याने कोणी मारीत नाही. क्रिएटिनिनचा अहवाल जवळ ठेवावा, जुने कागद न्यावेत, एकट्याने जाऊ नये, आवाज चढवू नये (मी चढविला). मात्र किरणांच्या नोंदीचे पान हाती पडल्यावाचून पैशाची पावती स्वीकारू नये.

रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. दोन्ही आकडे नमूद करून, दुसऱ्यांदा तपासणी करण्याचे कारण लेखी मागणारा अर्ज मी समक्ष रुजू केला, त्यास अडीच महिने झाले. पोच मिळाली आहे, जबाब नाही.