पुसल्याने झिजणारी स्मृती

बिदरच्या कारागिराने जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसविली, की ती नक्षी कायमची झाली. ती पुसून तेथे दुसरी काढता येत नाही. याउलट शाळेतील पाटीवर दिवसातून शंभरदा लिहावे व शंभरदा पुसावे, पाटीचे काही बिघडत नाही. विद्यार्थी मित्रहो, मोबाईल, मेमरी कार्ड व पेनड्राइव्ह यांत जी फ्लॅश स्मृती असते, तिला आपण सहसा पाटीच समजतो. वस्तुतः ती बिदरीही नव्हे आणि पाटीही नव्हे. शिसपेन्सिलीने लिहिलेल्या कागदाशी तिची तुलना अधिक शोभेल. रबराने अक्षर खोडता येते, दुसरे लिहिता येते. परंतु तीच जागा वारंवार खोडली तर कागद विरतो व अखेर त्याला भोक पडते. हे विरणे कशामुळे होते आणि ते कमी कसे करतात, याचा येथे विचार करावयाचा आहे.

या स्मृतीचे मूळ १९६७ सालच्या एका शोधात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन कांग व सायमन झे यांनी असा ट्रान्झिस्टर योजला, की ज्याच्या पोटात चहूबाजूंनी विद्युत्-निरोधक थराने वेढलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून एक किंवा शून्य वाचता येते. पुढे तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये पुष्कळसे कप्पे एकदम पुसण्याची पद्धत जगापुढे मांडली. कॅमेऱ्याचा फ्लॅश लखलखावा तसे सारे क्षणात पुसले जाते, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने तिला फ्लॅश हे नाव सुचविले.

आता झिजेचे कारण पाहू. निरोधक थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर मावतात, हे लक्षात घ्यावे. लिहिताना व पुसताना मोठा विद्युत्-दाब देऊन इलेक्ट्रॉन या थरातूनच आरपार न्यावे लागतात. प्रत्येक खेपेस थरात सूक्ष्म दोष उत्पन्न होतात व काही इलेक्ट्रॉन तेथेच अडकून पडतात. हजारो खेपांनंतर भरलेला कप्पा कोणता व रिकामा कोणता, हे खात्रीने सांगता येईनासे होते. एका कप्प्यात एकच अंक ठेवणारी जुनी स्मृती सुमारे एक लाख खेपा सोसत असे. तीन अंक ठेवणारी आजची स्वस्त स्मृती साधारणतः एक ते तीन हजार खेपांतच थकते. स्वस्ताई अशी टिकाऊपणातून वसूल होते!

यात आणखी एक अडचण आहे. लिहिता येते पृष्ठापृष्ठाने, पण पुसावा लागतो तो अनेक पृष्ठांचा सबंध ब्लॉक. समजा, एका ब्लॉकमध्ये १२८ पृष्ठे आहेत व एकच पृष्ठ बदलावयाचे आहे. ते जागच्या जागीच बदलण्याचा हट्ट धरला तर सर्व ब्लॉक उचलून ठेवावा लागेल, पुसावा लागेल व पुन्हा लिहावा लागेल. दर मिनिटाला असा एक बदल झाला तर दिवसाला १,४४० खेपा होतील आणि तीन हजार खेपांचा ब्लॉक दोन दिवसांत निकामी होईल.

म्हणून कार्डातील नियंत्रक जागच्या जागी लिहीतच नाही. नवे पृष्ठ तो दुसऱ्या कोऱ्या जागी लिहितो, जुन्यावर ‘रद्द’ अशी खूण करतो आणि रद्द पृष्ठे पुरेशी साठली की मगच तो ब्लॉक पुसतो. शिवाय पाळी सर्व ब्लॉकांना येईल अशी दक्षता घेतो. असे एक हजार ब्लॉक असतील तर वरचेच गणित २,६६,६६६ दिवसांवर, म्हणजे सुमारे ७३० वर्षांवर जाते! अर्थात् हा हिशेब कागदावरचा झाला. प्रत्यक्षात बरेचसे ब्लॉक न बदलणाऱ्या छायाचित्रांनी अडविलेले असतात. एक बैलजोडी गोठ्यात उभी आणि दुसरी रोज औताला, असा तो प्रकार होय. यास्तव चांगला नियंत्रक ती स्वस्थ पडलेली माहिती झिजलेल्या ब्लॉकमध्ये हलवितो व ताजा ब्लॉक कामाला जुंपतो.

कार्ड गच्च भरणे हेही झीज वाढविण्याचे एक कारण आहे. कलबुर्गीच्या बाजारातील तुरीचे गोदाम छपरापर्यंत भरले असेल तर तळाचे एक पोते काढण्यासाठी कितीतरी पोती इकडून तिकडे करावी लागतात. तद्वत् मोकळी जागा थोडी असली, की एक ब्लॉक रिकामा करण्यासाठी नियंत्रकाला चालू पृष्ठांच्या पुनःपुन्हा नकला कराव्या लागतात, आणि प्रत्येक नक्कल हेही लिहिणेच. कारखानदार काही जागा मुद्दाम राखून ठेवतात, ती याचसाठी.

परंतु मुळात कमी लिहिणे हा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकानदार दिवसभराची टिपणे कच्च्या वहीत करतो व सायंकाळी एकदाच रोजकीर्द लिहितो. तसे बारीकसारीक बदल संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत साठवून एकदम लिहिले तर खेपा पुष्कळच वाचतात. मात्र मध्येच वीज गेली तर कच्ची वहीच नाहीशी होते, आणि आपल्या भागात वीज जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. कोणती नोंद थांबू शकते व कोणती तत्काळ लिहिलीच पाहिजे, हे ठरविणे ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून आहे.

हा विषय केवळ पुस्तकी नाही. टेस्ला कंपनीच्या काही मोटारींत ८ जीबीची फ्लॅश स्मृती बसविलेली होती. तिचा प्रत्येक ब्लॉक दिवसाला सरासरी १.४ वेळा पुसला व लिहिला जाई. तीन हजार खेपांच्या मानाने तिचे आयुष्य पाच-सहा वर्षांचेच ठरले. स्मृती थकताच चालकापुढील पडदा बंद पडे व गाडी मागे घेताना मागचे दृश्य दिसत नसे. २०२१ मध्ये कंपनीला सुमारे १,३५,००० मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

आपल्याकडे निजामी अमदानीतील जमिनीची कागदपत्रे, मोडीतील जुने खत अशांची छायाचित्रे पेनड्राइव्हमध्ये घालून तो कपाटात ठेवणारी मंडळी आहेत. लिहिणे-पुसणे बंद असल्याने तेथे झीज होत नाही, हे खरे. पण कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत हळूहळू निसटतात. उष्णतेत लवकर निसटतात, आणि आधीच झिजलेल्या थरातून त्याहून लवकर. तेव्हा अशा कामासाठी फार वापरलेला पेनड्राइव्ह घेऊ नये, नव्यातही मधूनमधून माहिती तपासावी आणि दुसरी प्रत अन्य साधनावर ठेवावी.