पुदिन्याचं व्हिनेगर: 1 लिटरची पहिली बॅच आणि तिचं खरं कॉस्टिंग

हर्ब व्हिनेगर घरच्या घरी करायला सोपं आहे. पण विकायचं असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा: यात टिकवण्याचं काम फक्त आंबटपणा करतो. म्हणून 5 टक्के आम्लता लिहिलेलं व्हिनेगरच घ्या आणि त्यात पाणी घालू नका.

कृती

1. काचेच्या बरण्या धुऊन 10 मिनिटं पाण्यात उकळा.
2. पुदिन्याच्या 6 ते 8 ताज्या काड्या घ्या. काळी, किडकी पानं काढून टाका. स्वच्छ धुवा आणि कापडावर पूर्ण कोरड्या करा.
3. 1 लिटर व्हिनेगर स्टीलच्या पातेल्यात गरम करा. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम नको. उकळू द्यायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद.
4. गरम बरणीत पुदिना घाला, वरून व्हिनेगर ओता. काड्या पूर्ण बुडायला हव्यात. झाकणाचा पत्रा व्हिनेगरला लागू देऊ नका, तो गंजतो.
5. थंड, अंधाऱ्या जागी 3 ते 4 आठवडे ठेवा. मग मलमलच्या कापडातून गाळून उकळलेल्या कोरड्या बाटल्यांत भरा. फ्रिजमध्ये ठेवलं तर चव जास्त दिवस राहते.

बुरशी, फेस किंवा बुळबुळीतपणा दिसला तर चव बघत बसू नका. सगळी बॅच फेकून द्या.

आता हिशोब

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव टाका. व्हिनेगर 100 रुपये, पुदिना 20, पाच बाटल्या 100, लेबल-गॅस-कापड 40, तुमची मजुरी 100. एकूण 360.

200 मिलीच्या चार बाटल्या विकायला निघतात. उरलेलं पाचव्या बाटलीत भरा, तारीख टाका आणि स्वतःकडे ठेवा. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर तपासायला हाच नमुना हाताशी असतो. म्हणजे 360 भागिले 4, एका बाटलीचा खर्च 90 रुपये. पाचाने भागलंत तर 72 येतील आणि तुमचा भाव पहिल्याच दिवशी चुकेल.

"थोडं पाणी घातलं तर परवडेल ना?" करून बघू. 1 लिटरमध्ये पाव लिटर पाणी घातलं की 5 टक्क्यांचं व्हिनेगर 4 टक्क्यांवर येतं. वाचले किती? पाव लिटर व्हिनेगरचे 25 रुपये. तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या घरातल्या ताटाशी खेळ करायचा का?

विक्रीआधी एफएसएसएआयची नोंदणी करा. लेबलवर घटक, बॅच नंबर आणि तारीख हवी. सिंथेटिक व्हिनेगर वापरलं असेल तर तेही स्पष्ट लिहा, लपवू नका.

या आठवड्यात एकच बॅच लावा, आजची तारीख वहीत टाका. गाळायच्या दिवशी तुमचा प्रति बाटली खर्च काढा आणि कमेंटमध्ये लिहा. हिशोब आपण मिळून तपासू.