नाकारलेला पुरावा आणि अपील

पुराव्याच्या कायद्यातील एक कलम वर्गात नेहमी घाईत उरकले जाते. 1872 च्या अधिनियमात ते 167 वे, म्हणजे अगदी शेवटचे होते. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 169 वे आहे. परीक्षा तोंडावर आलेली असते, त्यामुळे माझ्याही हातून ते पुष्कळदा उरकले गेले आहे.

पुरावा चुकीने नाकारला, एवढ्याच कारणावरून निकाल फिरत नाही. तो घेतला असता तर निकाल बदलायला हवा होता काय, हे अपील न्यायालयाने पाहावे, असा त्याचा आशय. वाचायला सोपे आहे. पण जी साक्ष कोर्टाने ऐकलीच नाही, तिचे वजन करायचे कसे?

यासाठी मी अमेरिकेतील ‘चेंबर्स विरुद्ध मिसिसिपी’ हा खटला सांगतो. 14 जून 1969 रोजी वुडव्हिल गावी जमावाच्या गडबडीत एका पोलीस शिपायाचा गोळ्या लागून मृत्यू झाला. मरण्यापूर्वी त्याने झाडलेल्या गोळीने लिऑन चेंबर्स जबर जखमी झाला, आणि खुनाचा आरोपही त्याच्यावरच आला. पुढे दुसऱ्याच एका इसमाने चेंबर्सच्या वकिलांना शपथेवर लेखी कबुली दिली व महिन्याभराने ती फिरवली. शिवाय तो आपल्या तीन मित्रांजवळ, वेगवेगळ्या वेळी, हेच बोलला होता.

चेंबर्सने त्याला साक्षीला बोलावले. लेखी कबुली ज्यूरीपुढे वाचली गेली. पण सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना त्याने ती झटकली. आता उलटतपासणी हवी होती. मिसिसिपीचा जुना नियम असा, की ज्याने साक्षीदार बोलावला त्याने त्याच्या खरेपणाची हमी घेतली. म्हणून परवानगी नाही. तिघा मित्रांची साक्ष? ती ऐकीव, म्हणून अग्राह्य. चेंबर्सला जन्मठेप झाली.

1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ही शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती पॉवेल यांनी एकेका नियमाला वेगळे धरून दोष दिला नाही. दोन्ही मिळून आरोपीला आपली बाजूच मांडता आली नाही, यावर भर दिला. मला हे अधिक पटते. कबुली मित्रांजवळ, घटनेनंतर लवकरच दिलेली, स्वतःच्याच गळ्याशी येणारी. आणि ती देणारा कोर्टात हजर! त्याला विचारून खात्री करून घेता आली असती.

“आपल्याकडे काय झाले असते, सर?” हा प्रश्न दरवर्षी येतोच. आपल्याकडे 1872 पासूनच कोर्टाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. पूर्वीचे कलम 154, आताचे 157. तेवढा अडथळा आला नसता. मित्रांच्या साक्षीचे मात्र अवघडच. कबुली देणारा जिवंत व हजर असल्याने, त्याचा खोटेपणा दाखविण्यापुरताच तिचा उपयोग झाला असता.

म्हणून वकिली करू इच्छिणाऱ्यांना मी एक गोष्ट पुनःपुन्हा सांगतो. प्रश्न नाकारला गेला, की खाली बसू नका. साक्षीदार काय सांगणार होता ते लेखी अर्जात मांडा, अर्ज नामंजूर झाला तर त्यावर हुकूम मागा. अपिलात न्यायाधीशांच्या हाती असतात ते फक्त कागद.