मे महिन्यात बर्फ आणि दुकानं उघडायची घाई

प्रश्न (मे २०२०) : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. विमानं बंद झाल्याने सासूबाई इथेच अडकल्यात. मे उजाडला तरी हीटर चालू, त्यात लॉकडाउन उठवून सगळं उघडायच्या गोष्टी. थंडीने करोना वाढेल का?

उत्तर : ९ मे २०२० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बर्फ भुरभुरला, इतक्या उशिरा तो याआधी १९७७ मध्ये पडला होता. पण धास्ती गारठ्यापेक्षा बंद खिडक्यांची घ्या. थंडीने माणसं घरात कोंडली जातात आणि कोंदट हवेत या विषाणूला फावतं. कुणी आलंच, तर स्वेटर चढवून अंगणात बसा. मास्क लावून, सहा फुटांवर. ओट्यावरच्या चिमणीचा पंखाही तपासा. तिकडच्या बऱ्याच घरांत तो तीच हवा गाळून परत आत सोडतो, त्याच्या भरवशावर राहू नका, खिडकी उघडाच.

दुकानं उघडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. लक्षणं यायलाच २ ते १४ दिवस, पुढे चाचणी, अहवाल. म्हणून पहिले तीन आठवडे सासूबाईंना दुकानात नेऊ नका. दुपारच्या उन्हात फेरी जरूर मारू द्या. आणि त्यांनी भारतातून आणलेली बीपी-मधुमेहाची औषधं संपत आली असतील, तर आजच डॉक्टरांना फोन करा.