आधी पाऊच, मग होल्स्टर : रिमफायर पिस्तूल शिकणाऱ्या पुतण्यास पत्र



रिमफायर पिस्तुलाचे शिक्षण सुरू करणारा माणूस पिस्तूल कोणते घ्यावे याचा खल आठवडेच्या आठवडे करतो, पण ते पिस्तूल कमरेला ज्यात राहायचे ते होल्स्टर आणि काडतुसांनी भरलेली मॅगझिने ज्यात राहायची तो पाऊच यांची खरेदी मात्र दुकानाच्या गल्ल्यापाशी, उरल्यासुरल्या पैशांत उरकून टाकतो. टेक्सासातल्या प्रशिक्षण-वर्गात नाव घालण्यापूर्वी चि. पुतण्याने हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. होल्स्टर हे शोभेचे किंवा नुसत्या सोयीचे सामान नाही. पिस्तूल हातात नसताना त्याच्या चापाचे, म्हणजे ट्रिगरचे, रक्षण करणारी ती एकमेव वस्तू असते, आणि तिच्यात खोट असेल तर ती खोट शिकणाऱ्याच्या मांडीला किंवा पायाला भोवते.

प्रथम रिमफायर म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पाऊचची निवड थेट त्यावर अवलंबून आहे. नेहमीच्या पिस्तुलाच्या काडतुसात ठिणगी पाडणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी एका वेगळ्या टोपीत बसवलेले असते. रिमफायर काडतुसात ते बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असते आणि पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटून ते पेटवते. या प्रकारातले आज सर्वत्र चालणारे काडतूस म्हणजे १८८७ साली अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने आणलेले .२२ लाँग रायफल, जे नावात रायफल असूनही पिस्तुलातही तितकेच चालते. त्याची गोळी साधारणपणे ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या किंचित वर असते. धक्का नाममात्र, आवाज कमी आणि किंमत ९ मिलिमीटरच्या काडतुसापेक्षा बरीच खाली, त्यामुळे नवशिक्याला हात न दचकवता आणि खिसा न रिकामा करता पुष्कळ सराव करता येतो. मात्र या काडतुसाची गोळी कवचाइतक्याच जाडीची असल्याने तिच्यावरचे मेण किंवा वंगण आत झाकले न जाता बाहेर उघडे राहते, आणि त्याला खिशातला कापसाचा तंतू, रेंजवरची धूळ, वाळूचा कण असे जे जे लागेल ते चिकटते. शिवाय कवचाची कड बाहेर आलेली असल्यामुळे मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली तर ते पुढे सरकत नाही.

म्हणून मॅगझिन खिशात टाकण्याची सवय रिमफायरच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून टाळावी. रूगर मार्क ४ या पिस्तुलाचे दहा गोळ्यांचे मॅगझिन हातात घेऊन पाहिले तर त्याच्या अंगाला एक उभी फट दिसते आणि त्या फटीतून एक लहानशी बोंडी बाहेर आलेली असते. ती बोंडी अंगठ्याने खाली ओढून स्प्रिंगचा ताण कमी करायचा आणि एकेक काडतूस आत सोडायचे, अशी भरण्याची रीत आहे. फट उघडी असल्याने कचरा सरळ आत शिरतो, आणि बोंडी बाहेर असल्याने घट्ट पाऊचमध्ये ती कडेला घासते किंवा अडते. ९ मिलिमीटरच्या दोन रांगांच्या जाड मॅगझिनसाठी बनवलेल्या पाऊचमध्ये हे सडपातळ मॅगझिन खुळखुळते आणि वाकताना बाहेर पडते. ते पडू नये म्हणून ताणाचा स्क्रू आवळत गेले तर पाऊचच्या भिंती मॅगझिनला भलत्याच ठिकाणी दाबतात. त्यापेक्षा त्या विशिष्ट मॅगझिनच्या मापाचा, एका रांगेच्या मॅगझिनसाठी बनवलेला, आतून गुळगुळीत आणि बोंडीसाठी जागा सोडलेला पाऊच घ्यावा, मग तो कायडेक्सचा, म्हणजे उष्णतेने साच्यावर वळवता येणाऱ्या कडक प्लॅस्टिकचा असो की जाड चामड्याचा. झाकणाचा पाऊच धुळीपासून राखतो पण हाताला वेळ लावतो. शिकण्याच्या काळात वेळेची घाई नसतेच, त्यामुळे उघड्या, धुळीच्या रेंजवर झाकणाचा पाऊच वापरण्यात काही कमीपणा नाही.

पाऊच उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने डाव्या कमरेला, पोटाच्या मध्यापासून थोडा बाजूला लावावा आणि त्यात मॅगझिन गोळीचे तोंड पुढे करून उभे ठेवावे, म्हणजे हात खाली गेला की मॅगझिनचे बूड तळव्यात येते, तर्जनी पुढच्या कडेवर सरळ टेकते आणि मॅगझिन पिस्तुलात घालताना डोळ्यांची फारशी मदत लागत नाही. पाऊच विकत घेताना हीच एक गोष्ट करून पाहावी: मॅगझिन बाहेर काढताना तर्जनी गोळीच्या टोकापर्यंत सरळ पोहोचते की पाऊचची पुढची भिंत तिला आडवी येते. भिंत आडवी येत असेल तर पाऊच कितीही सुबक असला तरी तो परत ठेवावा.

होल्स्टर नंतर घ्यावे, या सल्ल्यामागचे कारण इथे सांगायला हवे. मॅगझिन बदलण्याचे काम पहिल्याच तासाला सुरू होते, पण होल्स्टरमधून पिस्तूल काढण्याचे काम नवशिक्याच्या वाट्याला पुष्कळ उशिरा येते आणि तसे ते यावेच. अनेक बंदिस्त रेंजवर होल्स्टरमधून पिस्तूल काढायला परवानगीच नसते. १९८१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या स्टील चॅलेंज या पोलादी पाट्यांवर वेगाने नेम मारण्याच्या स्पर्धेत रिमफायर पिस्तुलाच्या गटांना होल्स्टर लागतच नाही. स्पर्धक पिस्तूल हातात धरून, समोर ठेवलेल्या खुणेकडे नळी खाली झुकवून उभा राहतो आणि इशारा होताच वर उचलतो. मात्र तेथे बहुतेक टप्प्यांत लागोपाठ पाच फेऱ्या मारायच्या असल्याने भरलेली पाच मॅगझिने जवळ हवीत, म्हणजे पाऊचचे काम तेथेही आहेच. ऑलिंपिक धाटणीच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेच .२२ काडतूस वापरतात, पण पिस्तूल समोरच्या टेबलावर असते आणि कमरेला काहीच नसते. नेम, पकड आणि चाप दाबण्याची शिस्त या तीन गोष्टी होल्स्टरशिवाय पूर्णपणे शिकता येतात, आणि ज्याला त्या येत नाहीत त्याने होल्स्टरमधून झटकन पिस्तूल काढायला शिकणे म्हणजे चुकीची गोष्ट लवकर करायला शिकणे होय.

प्रशिक्षकाने आता होल्स्टर आण असे सांगितले की मग मात्र काटकसर करू नये. चांगल्या होल्स्टरची पहिली कसोटी अशी की पिस्तूल आत असताना चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्णपणे कडक आवरणाखाली झाकलेली असावी, इतकी की बाहेरून बोटाने दाबले तरी दाब चापापर्यंत पोहोचू नये. दुसरी कसोटी तोंडाची: पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडेच राहिले पाहिजे, कारण मऊ कापडी होल्स्टरचे तोंड मिटले की विद्यार्थी डाव्या हाताने ते उघडायला जातो आणि त्याच क्षणी पिस्तुलाची नळी त्याच्या स्वतःच्या बोटांकडे वळते. सर्व पिस्तुलांना बसणारे म्हणून विकले जाणारे नायलॉनचे होल्स्टर या दोन्ही कसोट्यांवर बहुधा नापास होते. ते स्वस्त असते, आणि नेमके याच कारणासाठी ते सर्वाधिक नवशिक्यांच्या कमरेला दिसते. तिसरी कसोटी पकडीची: पिस्तूल अजून होल्स्टरमध्येच असताना हाताला गोळी झाडताना घ्यायची संपूर्ण पकड घेता आली पाहिजे, म्हणजे बाहेर काढल्यावर हात सरकवत बसावे लागणार नाही.

होल्स्टर नेमक्या मॉडेलचेच असावे, आणि रिमफायरच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. रूगर मार्क ४ च्या जाड, लांब नळीवर समोरची माशी, म्हणजे नेम धरण्याचा पुढचा उंचवटा, बरीच वर आलेली असते. होल्स्टरमध्ये तिच्यासाठी खोबण नसेल तर पिस्तूल काढताना ती अडकते. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या नळ्यांना एकच होल्स्टर बसेल असेही गृहीत धरू नये. याउलट २०२० साली आलेले ग्लॉक ४४ हे .२२ चे पिस्तूल मुद्दाम त्याच कंपनीच्या ९ मिलिमीटरच्या ग्लॉक १९ च्या मापाचे बनवले गेले, त्यामुळे ग्लॉक १९ चे होल्स्टर त्याला चालते. पुढे ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाकडे जायचा विचार ज्याच्या मनात निश्चित आहे त्याने अशी जोडी निवडण्यात मोठा शहाणपणा आहे, कारण कमरेवरची जागा, काढण्याचा कोन आणि पकड यांची घडलेली सवय तशीच पुढे नेता येते. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. होल्स्टरची पकड तपासताना रिकामे पिस्तूल आत बसवून होल्स्टर उलटे धरतात आणि हलवून पाहतात. ग्लॉक ४४ हे ग्लॉक १९ पेक्षा वजनाने बरेच हलके असल्याने ते सैल होल्स्टरमध्येही या परीक्षेत उत्तीर्ण होते, म्हणून जड पिस्तूल आल्यावर ताणाचा स्क्रू नव्याने जुळवून परीक्षा पुन्हा घ्यावी.

होल्स्टर उजव्या कमरेला, पट्ट्याच्या बाहेरून लावावे. काखेत किंवा विरुद्ध कमरेला लावायची होल्स्टरे शिकणाऱ्यासाठी नाहीत, कारण पिस्तूल काढताना नळी शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून फिरते. पोटापुढे लावायचे होल्स्टर अनेक प्रशिक्षक नवशिक्यांच्या वर्गात चालू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्या होल्स्टरची कळ चाप ओढणाऱ्या त्याच बोटाने आत दाबावी लागते तेही वर्ज्य समजावे. घाईत ते बोट दाबतच खाली येते आणि पिस्तूल सुटताक्षणी चापावर जाऊन पडते. होल्स्टर कितीही चांगले असले तरी पट्टा लेचापेचा असेल तर सगळे व्यर्थ आहे, म्हणून सुमारे दीड इंच रुंदीचा, पीळ न खाणारा जाड पट्टा घ्यावा आणि होल्स्टरच्या कड्या त्याच रुंदीच्या असाव्यात.

पिस्तूल काढण्यापेक्षा ते परत ठेवणे अधिक धोक्याचे आहे, ही गोष्ट वर्गात एकदा सांगितली जाते आणि विसरली जाते. पिस्तूल परत ठेवताना कुणीही वेळ मोजत नसतो. त्यामुळे बोट चौकटीवर सरळ ठेवून, सेफ्टी असल्यास ती लावून, मान खाली घालून, होल्स्टरच्या तोंडात सदऱ्याची कड किंवा जाकिटाच्या नाडीचे टोक तर आले नाही ना हे डोळ्यांनी पाहून, मगच ते हळूहळू आत सोडावे. नाडीच्या टोकाला असलेली प्लॅस्टिकची गुंडी चापाच्या कडीत सहज शिरू शकते आणि वरून पिस्तूल दाबले की चाप तिच्यावर ओढला जातो. रेंजवर जायच्या जाकिटाच्या अशा नाड्या कापूनच टाकाव्यात. रिमफायर काडतूस पिन आपटूनही पेटले नाही, असे या प्रकारात तुलनेने अधिक वेळा घडते. तेव्हा नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, मग पिस्तूल रिकामे करावे, आणि ते काडतूस आत असताना पिस्तूल होल्स्टरमध्ये कदापि ठेवू नये.

घरी सराव करायचा तर पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत असावीत आणि काढण्याच्या सरावात चाप ओढूच नये, कारण त्याची गरज नसते. शिवाय काही रिमफायर पिस्तुलांत रिकाम्या नळीवर पिन आपटली की ती नळीच्या मागच्या काठावर खाच पाडते, म्हणून त्या बाबतीत कंपनीची पुस्तिका हाच शेवटचा शब्द मानावा. गोळ्या बहुधा उघड्या शिशाच्या असल्याने पाऊच, पट्टा आणि होल्स्टर यांवर शिशाची धूळ बसते. हे सामान स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत न ठेवता वेगळ्या पेटीत ठेवावे आणि रेंजवरून आल्यावर काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

आता कायद्याची एक गोष्ट. चिरंजीवाला ग्रीन कार्ड मिळालेले आहे, पण त्याच्याबरोबर रेंजवर यायला उत्सुक असलेले त्याचे मित्र एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतील, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसाधारकांना शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद सोडून बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल हातात धरणे हेही बाळगण्यातच मोडू शकते. मैत्रीखातर त्यांच्या हाती पिस्तूल देऊ नये. त्याची किंमत त्यांना व्हिसाने चुकवावी लागू शकते.

तेव्हा पहिल्या महिन्यात योग्य मापाचा पाऊच आणि भक्कम पट्टा एवढेच घ्यावे, होल्स्टर प्रशिक्षकाने सांगितल्यावर आणि पिस्तूल सोबत नेऊन, त्यात बसवून पाहूनच घ्यावे, आणि ते वर्गात लावण्यापूर्वी चापाच्या बाजूने काढलेले त्याचे एक छायाचित्र घरी पाठवावे.