वैशाखवणवा आणि परसातील पाहुणे

(कडक उन्हाळ्यात माणूस ज्या सावलीचा व ओलाव्याचा आश्रय घेतो, त्याच सावलीकडे आणि ओलाव्याकडे घराभोवतीचे लहान जीवही धाव घेतात. अशा वेळी त्यांच्यासह कसे राहावे आणि आपले संरक्षण कसे करावे, याचा विचार या पाठात केला आहे.)

गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला परभणी जिल्हा काळ्या कसदार जमिनीसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात पायांना चिकटणारी ही माती उन्हाळ्यात खोल भेगाळते. कापूस वेचून झालेला असतो, तुरीची रास घरी आलेली असते. शेते उघडी पडतात आणि वैशाखातील ऊन त्यांच्यावर दिवसभर आग ओतीत राहते. मे महिन्यात पारा 42-43 अंश सेल्सिअसपर्यंत चढला, तरी येथील माणसांना त्याचे नवल वाटत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात. गुरे लिंबाखाली रवंथ करीत उभी राहतात. चिमण्यासुद्धा वळचणीला बसून चोची उघड्या टाकतात.

ऊन तर दरवर्षीच पडते. मग 'उष्णतेची लाट' कशास म्हणावयाचे? मैदानी प्रदेशात कमाल तापमान 40 अंश किंवा त्याहून अधिक असेल आणि ते त्या दिवसांतील सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असेल, अथवा ते 45 अंशांवर पोहोचले असेल, तर भारतीय हवामान विभाग त्या स्थितीला हे नाव देतो. परभणी येथे 1972 साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला दिला जातो. असा इशारा मिळाला की त्याकडे काणाडोळा करू नये.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे 37 अंश असते. बाहेरची हवा त्याहून अधिक तापली, म्हणजे शरीरातील उष्णता हवेत निघून जाण्याची वाट बंद होते. त्या वेळी निसर्गाने दिलेला एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापविण्यास एक कॅलरी उष्णता पुरते. परंतु तेवढ्याच घामाची वाफ होताना तो शरीरातून सुमारे 580 कॅलरी उष्णता ओढून नेतो. माठातील पाणी गार होते तेही याच नियमाने. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतील पाण्याची उष्णता कमी होते. मात्र माठात पाणीच नसेल, तर तो गार कसा राहणार? तसेच शरीराचे आहे. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. घामाबरोबर क्षारही जातात. त्यांची भरपाई मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा साखर-मिठाचे पाणी यांनी होते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळविले, की साखर-मिठाचे पाणी तयार झाले.

आपल्या पूर्वजांनी घरेही उन्हाचा विचार करूनच बांधली होती. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत भिंती हात-दोन हात जाड असत आणि लाकडी छतावर मातीचा जाड थर घातलेला असे. ही जाड माती सावकाश तापते. तिच्यातील ऊब आत पोहोचेपर्यंत दिवस कलतो. आज अनेक घरांवर लोखंडी पत्रे आले आहेत. पत्रा पाहता पाहता तापतो आणि खालच्या माणसांना होरपळून काढतो. अशा छतावर चुन्याचा पांढरा थर दिला, तर बरेचसे ऊन परत फिरते. अहमदाबाद शहराला 2010 च्या मे महिन्यातील लाटेची भयंकर झळ बसली. त्यानंतर 2013 साली तेथे उष्णतेशी सामना करण्याची योजना आखण्यात आली आणि पुढे पांढऱ्या छतांचा उपायही तिच्यात सामील झाला.

मुलांनो, गारव्यासाठी चाललेली ही धडपड केवळ माणसाचीच आहे, असे समजू नका. दुपारी परसातील हौदाजवळ क्षणभर थांबून पाहा. हौदाच्या ओल्या काठावर मधमाश्या ओळीने बसलेल्या दिसतील. त्या कोणाला दंश करण्यासाठी आलेल्या नसतात. त्या पाण्याचे थेंब पोटात भरून पोळ्याकडे नेतात, ते पोळ्यात पसरवितात आणि पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होते आणि पिले असलेला भाग सुमारे 35 अंशांवर राखला जातो. आपला माठ आणि त्यांचे पोळे एकाच नियमाने थंड राहते! वाळवीचे शरीर तर इतके नाजूक असते की उघड्या हवेत ते लवकर सुकते. म्हणून ती भिंतीवर मातीचे बोगदे बांधून त्यांच्या आडोशाने वाटचाल करते. मुंग्या भर दुपारी बिळात राहतात आणि उन्हे उतरल्यावर रांजणाच्या तळाशी ओलाव्याच्या शोधात येतात. परसातील हे पाहुणे आपल्या घरी येतात, कारण आपण तेथे गारवा केलेला असतो.

पाहुणा निरुपद्रवी असेल, तोवर त्याला राहू द्यावे. परंतु काही पाहुणे घात करतात, आणि त्यांना आमंत्रण देणारे पुष्कळदा आपणच असतो. उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते. म्हणून घरोघरी पिंपे, टाक्या आणि रांजण भरून ठेवले जातात. खिडकीत कूलर लावलेला असतो, त्याच्या तळाशी पाणी साचते. मुंग्या चढू नयेत म्हणून दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची रीत आहे. मुंग्या अडतात खऱ्या. पण त्याच वाटीत डास अंडी घालतो. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला साठविलेले स्वच्छ पाणीच आवडते, आणि तो दिवसा चावतो. उन्हाळ्यातील उबदार पाण्यात अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळावा. त्या दिवशी भांडी रिकामी करावी, आतून घासावी आणि उन्हात वाळवावी. घासणे अगत्याचे आहे; कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. घासण्यापुरते राहिलेले पाणी फेकून न देता झाडांच्या आळ्यांत ओतावे. उरलेल्या साठ्यावर घट्ट झाकण ठेवावे किंवा कापड बांधावे.

डास आणि रोग यांचा संबंध माणसाला पूर्वी ठाऊक नव्हता. परभणीहून आगगाडीने थेट जाता येते त्या सिकंदराबाद येथे 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. या संशोधनाबद्दल 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून पाण्याच्या भांड्यावरील साधे झाकण हे रोगाविरुद्धचे एक शस्त्र ठरले.

दुसरा घातक पाहुणा म्हणजे विंचू. त्याला कीटक म्हणणे बरोबर नाही. कीटकाला सहा पाय असतात, विंचवाला आठ असतात आणि तो कोळ्याच्या कुळातील आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तो दगडांखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, पऱ्हाट्यांच्या व तुराट्यांच्या भाऱ्यांत, भिंतींच्या भेगांत दडून बसतो आणि रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडतो. उकाड्यामुळे आपणही त्याच वेळी अंगणात अंथरूण टाकतो. म्हणून जमिनीवर न निजता बाजेवर निजावे, अंथरूण झटकून घालावे, पायताण झटकून घालावे, अंधारात उजेडाशिवाय पाऊल टाकू नये आणि सरपणाच्या ढिगात आंधळेपणाने हात घालू नये.

लाल विंचवाचा दंश केवळ वेदना देऊन थांबत नाही. त्याचे विष हृदयावर परिणाम करते. पूर्वी अशा दंशाने अनेक मुले दगावत. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाड परिसरात रुग्णसेवा करीत असताना या दंशाचा बारकाईने अभ्यास केला. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध येथे उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले आणि असंख्य प्राण वाचले. 2022 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मात्र औषध दवाखान्यात असते आणि रुग्ण मांत्रिकाच्या दारी असतो, तेव्हा विद्या काय करणार? दंश होताच मंत्र, चिरा, घट्ट बांधलेली दोरी यांत वेळ न दवडता रुग्णाला दवाखान्यात न्यावे. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत.

उष्माघातातही हीच तत्परता हवी. अंग भाजल्यासारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

किडे दिसताच घरभर विषारी औषध फवारण्याची घाई काही जण करतात. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ते विष आपल्याही श्वासात जाते. परसात फवारल्यास डासांबरोबर मधमाश्याही मरतात. मग फुलांवरील परागकण फुलांपर्यंत कोण पोहोचविणार? झाकण, झाडू आणि बुजविलेली भेग ही तीन साधने बहुतेक घरांना पुरेशी आहेत.

शेवटी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सावली सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. आपण दुपारी घरात बसतो, तेव्हा कोणी रस्त्यावर खडी पसरीत असतो, कोणी शेतात धसकटे वेचीत असतो. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले तर तक्रारही करू शकत नाहीत. शेजारच्या एकट्या आजीबाईंना दुपारी हाक मारून पाहणे, दारावरून जाणाऱ्या मजुराला तांब्याभर पाणी देणे, झाडाला पाखरांसाठी परळ टांगून त्यातील पाणी रोज बदलणे, ही कामे तुमच्या वयाच्या मुलामुलींनाही सहज करता येतील. ऊन कमी करणे आपल्या हाती नाही. सावली वाटून घेणे मात्र आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) मधमाश्या पोळ्यात पाणी का नेतात?
(आ) विंचवाला कीटक का म्हणता येत नाही?

2. कारणे द्या :
(अ) माळवदाचे घर पत्र्याच्या घरापेक्षा गार राहते.
(आ) पाण्याची भांडी नुसती रिकामी करून भागत नाही. ती घासावी लागतात.

3. 'औषध दवाखान्यात असते आणि रुग्ण मांत्रिकाच्या दारी असतो, तेव्हा विद्या काय करणार?' या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.

4. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : ओस पडणे, काणाडोळा करणे, झळ बसणे, वेळ दवडणे.

5. आपल्या घरी व परसात पाणी साठणारी सर्व ठिकाणे शोधून त्यांची यादी करा. कोणते भांडे कोणत्या दिवशी कोणी घासावयाचे, हे घरातील मंडळींशी बोलून ठरवा.